चहा चालतो

आमच्या ह्यांचा, बाळाजीशास्त्र्यांचा, आवाज नाशिकच्या रामकुंडावर प्रसिद्ध. हे कुंडाच्या पलीकडे संकल्प सांगायला लागले, की अलीकडचे यजमानही चुकून आचमन करायचे. घरीसुद्धा पहाटे अंघोळीचे मंत्र त्याच पट्टीत. लग्न झाल्यापासून मी कधी गजर लावला नव्हता आणि त्या आवाजावरून कुरकुर करायचीही सोडली नव्हती.

दोन हजार तीन साली सिंहस्थ जवळ आला आणि नेमका तो आवाज बसला. सकाळी उठलं की घशात नुसती खरखर, सारखं खाकरणं. पिढ्यान् पिढ्यांचे यजमान चुलतभावाकडे, विश्वेशकडे, पाठवायची वेळ आली असती, तर ते परत आले नसते. ह्यांनी स्वतःच कफाचं निदान केलं आणि आल्याचा चहा वाढवला.

मी ओढून घशाच्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी दुर्बीण घालून पाहिलं आणि सांगितलं, की हे पित्ताचं दुखणं आहे. पोटातलं आम्ल वर घशापर्यंत येतं आणि स्वरयंत्राला सूज आणतं. दिवसभरात काय खाता, असं विचारल्यावर ह्यांनी छाती पुढे काढली. विधी संपेपर्यंत अन्नाचा कण नाही, मग दुपारी पोटभर जेवण आणि लगेच वामकुक्षी. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, थोडं थोडं खा म्हणाले, जेवून लगेच आडवं होऊ नका म्हणाले. ह्यांनी मान डोलावली, पण ती गोळ्यांपुरतीच.

गोळ्या संपत आल्या, खरखर तशीच. माझा पारा चढला. ऑफिसात रजा टाकली आणि कुंडावर जाऊन पायरीवर बसले. यजमान आले, चहा आला. विधी झाला, पुन्हा चहा. दुसऱ्या यजमानांनी आग्रह केला, चहा. कोणी ओळखीचं भेटलं, कटिंग. थोड्या वेळानं मी मोजायचं सोडून दिलं.

"अहो, डॉक्टरांना हे का नाही सांगितलंत?"

"त्यांनी खाण्याचं विचारलं होतं. चहा काय, चालतो," हे म्हणाले, तेही कुजबुजत.

मला हसू आलं आणि ती कुजबुज ऐकून रडूही आलं. एवढा गडगडाटी माणूस, शेजारी बसूनही ऐकू येईना.

"मधुमेहाच्या यजमानांना तुम्हीच सांगता ना, गोळी घेऊन वर पेढे खाल्ले तर औषधाचा दोष नाही म्हणून? मग उद्यापासून चहा बंद. सकाळी केळं. ते तुमचं औषध."

शास्त्रार्थात मी त्यांना पहिल्यांदाच हरवलं होतं.

चहा सुटल्यावर आधी ह्यांचं डोकं दुखलं, मग माझं. दुपारी झोपेऐवजी गॅलरीत येरझाऱ्या सुरू झाल्या. घर पहाटे मात्र अजून मुकंच होतं, मला गजर लावून उठावं लागत होतं. तो आवाज मला इतका हवा होता, हे मलाच माहीत नव्हतं.

सिंहस्थाच्या तोंडावर एका पहाटे मी दचकून उठले. गजर व्हायचा होता. अख्खी गल्ली जागी होईल अशा पट्टीत स्वयंपाकघरातून आवाज आला, "उत्तरा, माझं औषध कुठंय? पिकलेलं काल आणलं नाहीस."

मी अजिबात कुरकुरले नाही. गजराचं घड्याळ उचललं आणि कपाटात ठेवून दिलं.