खाऱ्या पाण्यातली कुंडी

मी कुंडी बोलतेय. साधी मातीची, तळाला भोक असलेली, तुमच्या गॅलरीत असते तशीच. पण आधीच सांगून ठेवते, माझ्यात आजवर एकही झाड लागलेलं नाही. गुलाब नाही, कोरफड नाही, चुकून उगवलेलं गवतसुद्धा नाही. माझा सगळा जन्म खाऱ्या पाण्यात आडवं पडून गेला, तोही माशांच्या बाळंतपणात.

भट्टीतून निघाले तेव्हा माझी अपेक्षा फार मोठी नव्हती. एक खिडकी, थोडं ऊन आणि रोज कुणीतरी आठवणीने घातलेलं पाणी. पाण्याची तेवढी इच्छा पूर्ण झाली, नको तितकी झाली.

रोपवाटिकेत मी इतर कुंड्यांबरोबर रांगेत बसले होते. एक चष्म्याचा दुकानदार आला. त्याने मला उचललं, आत बोट फिरवलं, वाकून वास घेतला.

"हिला रंगबिंग नाही ना लावलेला?" त्याने विचारलं.

"रंग असता तर काय बिघडलं असतं? झाडाला काय कळतंय?" रोपवाली म्हणाली.

"झाड नाही हो लावायचं. माझ्या माशांना अंडी घालायला जागा हवीय."

रोपवाली त्याच्याकडे बघतच राहिली. मीही.

घरी नेऊन त्याने मला उकळलं, घासलं, मिठाच्या पाण्यात मुरत ठेवलं आणि मग बैठकीच्या खोलीतल्या काचेच्या टाकीत आडवं टाकलं. टाकीच्या एका बाजूला सोफा, दुसऱ्या बाजूला त्याच्या बायकोचं शिवणयंत्र. ती लोकांचे पडदे शिवून द्यायची. चष्मेवाला समुद्राच्या पाण्यासाठी मीठ कालवायला नेमकी तिचीच बादली घ्यायचा.

"अहो, ही पडदे भिजवायची बादली आहे! परत मीठ?"

"धुतली होती गं मी."

"काल धुतलेल्या पडद्यावर पांढरे डाग आलेत. चाटून बघा हवं तर."

हा संवाद मी इतक्या वेळा ऐकलाय की दोघांचीही वाक्यं मला पाठ आहेत.

टाकीत क्लाउनफिशची जोडी होती. केशरी अंग, त्यावर पांढरे पट्टे. मोठी ती मादी. तिचा तोरा पाहून बायकोने तिचं नाव बाईसाहेब ठेवलं होतं. तिच्या निम्म्याने असलेला नर म्हणजे बारक्या. चष्मेवाल्याने त्यांच्यासाठी कुठून कुठून शोधून एक सुंदर दगड आणला होता, कपारी असलेला. त्या दोघांनी त्याच्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही. त्यांना मी आवडले. माझं नशीब.

मग सुरू झालं घासणं. बारक्या तोंडाने माझी आतली बाजू घासायचा. सकाळी घासायचा, दुपारी घासायचा, अहो, स्वच्छ झालेली जागा पुन्हा घासायचा. मग बाईसाहेब यायच्या, पाहणी करायच्या, अंडी घालायच्या आणि चालत्या व्हायच्या. पुढचं सगळं बारक्याच्या गळ्यात. पंखांनी वारा घालायचा, खराब झालेलं अंडं वेचून काढायचं. बाईसाहेब मधूनच येऊन त्याला एक चावा घ्यायच्या. तो अंग थरथरवायचा, म्हणजे त्यांच्या भाषेत, "तुम्ही म्हणाल तसं." लगेच शांतता. मला सुरुवातीला त्याची कीव यायची. नंतर लक्षात आलं की या थरथरण्यात भीती फारशी नाही. रोजचं विचारपूस करणं असावं तसं ते होतं. ती लांब गेली की तो दोनदा बाहेर येऊन ती कुठे आहे ते बघून जायचा.

अंड्यांत चंदेरी डोळे दिसायला लागले की चष्मेवाल्याला भूक लागायची नाही. पिल्लं वेगळ्या टाकीत वाढायची. मोठी झाली की तो त्यांच्या जोड्या जमवायचा. एक थोडा मोठा, एक लहान, दोघांना शेजारी ठेवायचं आणि पटतंय का ते बघायचं. नाही पटलं तर दुसरं स्थळ. पटलेली जोडी मग चांगल्या घरी द्यायची. हाच त्याचा छंद.

घेणाऱ्यांची मात्र धडगत नसायची. पोटची मुलगी द्यायची असल्यासारखा तो चौकशी करायचा. टाकी केवढी? पाणी कधीपासून तयार आहे? सुट्टीत गावाला गेलात तर खायला कोण घालणार? आणि शेवटी ठरलेलं भाषण: "हे बघा, जोडी फोडायची नाही. क्लाउनफिश सगळे जन्मतः नर असतात. दोघांत जो मोठा, तो मादी होतो. लहान नर एकटा ठेवलात तर तोही मादी होईल. आणि मादीचा पुन्हा नर होत नाही. मग दोन माद्या एका टाकीत टाकल्यात तर एकमेकींचा जीव घेतील."

एका माणसाने फक्त मोठा मासा मागितला, तर त्याला याने चहाही न विचारता वाटेला लावलं होतं.

अशा माणसाच्या घरी त्याची थोरली बहीण राहायला आली. ताई सोफ्यावर बसून दिवसभर टाकीकडे बघायची.

"अरे, ही केवढी मारते त्याला! बिचारा कामं करून करून दमला. दे की थोडा आराम."

"ताई, त्यांचं तसंच असतं."

"तसंच असतं म्हणे! आपल्या घरात कोणी कोणाला असं चावलेलं चाललं असतं का?"

ताईपुढे त्याचं लहानपणापासून काही चाललेलं नाही. त्यातून बारक्याच्या शेपटीला खरंच एक चीर पडली होती. आठवडाभर विश्रांती, असं म्हणत त्याने बारक्याला जाळीत धरलं आणि दुकानात गल्ल्याशेजारी ठेवलेल्या छोट्या टाकीत सोडलं. मी आतून ओरडून ओरडून सांगत होते की तुझं भाषण आठव, भाषण! पण मातीच्या भांड्याचं ऐकतो कोण?

आठवडा झाला. ताई परत गेली. बारक्या काही आला नाही.

"उद्या आणतो," चष्मेवाला म्हणायचा. "अगं, डोळे तपासताना लहान मुलं रडतात ना, ती त्याला बघून गप्प बसतात. गिऱ्हाइकं त्याचीच चौकशी करतात. आणि खातोय काय छान! अंग धरलंय त्याने."

अंग धरलंय! हे ऐकून मी पाण्यातही कोरडी पडले. जगाच्या डोळ्यांना नंबर काढून देणारा हा माणूस, रोज समोर वाढणारा मासा त्याला दिसू नये?

इकडे बाईसाहेब माझ्या तोंडाशी उभ्या असायच्या. चावायला कोणी नव्हतं. एकदा त्यांनी एकटीनेच माझ्यात अंडी घातली. वारा घालायला कोणी आलं नाही. अंडी पांढरी पडली, त्यांवर बुरशी धरली आणि ती तशीच मला चिकटून राहिली. मी आयुष्यभर घासण्याच्या नावाने बोटं मोडली होती. तेव्हा मात्र वाटलं, कुणीतरी येऊन घासा रे मला.

असेच काही महिने गेले. दुकानाला रंग द्यायचा ठरला म्हणून एकदाचा बारक्या घरी आला. चष्मेवाल्याने कौतुकाने त्याला टाकीत सोडलं. "बघा बाईसाहेब, कोण आलंय!"

बारक्या सरळ माझ्याकडे आला. त्या मेलेल्या अंड्यांपाशी थांबला आणि तोंडाने एक खरवडून काढलं. तेवढ्यात बाईसाहेब आल्या आणि त्याला चावल्या, पूर्वीसारख्याच. आता तो थरथरेल, मी वाट बघत होते. तो थरथरला नाही. तो वळला आणि उलटून चावला. पुढे जे झालं ते सांगवत नाही. पंख फाटले, खवले उडाले, दोघांची धडक बसून मी जागची हलले.

चष्मेवाला काचेला हात लावून नुसता "अरे, अरे" करत होता. बायको यंत्रावरून उठली, तिने जाळी त्याच्या हातात कोंबली.

"काढा आधी एकाला! आणि नीट बघा त्याच्याकडे. तो बारक्या राहिलाय का आता? मादी झालीय त्याची. जगाला सांगत फिरता ना तुम्ही?"

त्याने तिच्याच बादलीत टाकीतलं पाणी घेतलं, बारक्याला धरून त्यात सोडलं आणि तो सोफ्यावर बसला. त्या दिवशी पहिल्यांदाच घरात बादलीवरून भांडण झालं नाही. ती म्हणाली, "मलाही सुचायला हवं होतं हो."

आता दोघांना एका टाकीत ठेवणं शक्यच नव्हतं. बारक्याला घर शोधणं आलं. बेकरीवाली काकू तयार झाली. तिच्याकडे नुकताच आणलेला एक छोटा नर होता. ती न्यायला आली तेव्हा चष्मेवाल्याने मलाही पाण्यातून काढून तिच्या हातात दिलं. "हिला पण न्या. सवयीची आहे."

मग सवयीने भाषण सुरू झालं. टाकी, पाणी, सुट्टी. "आणि यांना कधी एकटं..." एवढं म्हणून तो थांबला.

"का हो? एकटं ठेवलं तर काय होतं?" काकूने विचारलं.

"मोठा होतो," तो म्हणाला. "आणि परत लहान होत नाही."

सध्या मी बेकरीच्या मागच्या खोलीत, काकूच्या टाकीत आडवी पडलेय. बारक्याला काकू आता राणी म्हणते. तो छोटा नर तिच्यापुढे थरथरतो, पण त्याला घासणं म्हणून जमत नाही. भलतीकडेच तोंड मारत बसतो. परवा राणीने त्याला बाजूला सारलं आणि पूर्वी जिथे घासायची तीच जागा स्वतः घासायला लागली. मग वळून टाकीबाहेर बघितलं. एकदा, आणि पुन्हा एकदा. तिथे पावांचे रिकामे ट्रे होते, दुसरं कोणी नव्हतं.

चष्मेवाल्याचा काकूला फोन येतो. तिकडे बाईसाहेबांना नवी कुंडी आणलीय, अगदी माझ्यासारखी. त्या अजून तिच्याजवळ गेलेल्या नाहीत म्हणे.

मला तुमच्याकडून झाड नको, ऊन नको, ती हौस कधीच फिटली. एवढंच करा, जोडी नेणार असाल तर न्या आणि दमलेली दिसली तर दमू द्या. आराम देऊ नका. आणि चष्मेवाल्याच्या घरी कधी गेलात, तर बाईसाहेबांना सांगा की इथलं घासणं अजून चालू आहे आणि मी तक्रार करणं सोडलंय.