सत्यवतीचा एकटीचा फोटो

सत्यवतीची थोरली जाऊ कमल वारली, तेव्हा हार घालायला तिचा एकही फोटो घरात सापडला नाही. पार्से गावातल्या त्या घरात मुंजी झाल्या, लग्नं झाली, सत्यनारायण तर दरवर्षी झाला; आणि प्रत्येक वेळी फोटो निघताना कमलवहिनी चुलीशी होती. शेवटी कुठल्याशा पंगतीच्या फोटोत ती सोलकढीचं भांडं घेऊन वाकलेली सापडली. तेवढाच तुकडा मोठा करून आणला. बाराव्याला येणारा-जाणारा हात जोडी, आणि कमलवहिनी हाराआडून त्याला "आणखी वाढू?" म्हणून विचारी.

"बरा आलाय हो," सत्यवतीचे यजमान गोकुळदास म्हणाले. "स्वभाव अगदी उतरलाय."

सत्यवतीच्या अंगाचा तिळपापड झाला. आपला फोटो आपण जिवंतपणी, बसून, रिकाम्या हातांनी काढून घ्यायचा हे तिने तिथेच ठरवलं.

महिन्याभराने पेडण्याहून सगुण फोटोग्राफर आला. त्याच्या स्टुडिओत वीज टिकत नसे. म्हणून तो फोटो बाहेरच काढी, पण हे तत्त्व म्हणून सांगे. "काकी, चेहरा काढायचा तर सकाळच्या कोवळ्या उजेडात. फ्लॅशमध्ये माणूस आणि भोपळा सारखाच."

त्याने अंगणात पूर्वेकडे तोंड करून खुर्ची मांडली. ठेवणीतलं हिरवं लुगडं नेसून सत्यवती बसते न बसते तोच सोप्यावरून गोकुळदासांचा आवाज आला, "अगो, सगुण दुरून आलाय. आधी चहा."

ती चहा घेऊन आली, तर खुर्चीत गोकुळदास. कोटासकट.

"उजेड फुकट कशाला घालवायचा?" ते म्हणाले.

तेवढ्यात पाव विकणाऱ्या पदेराचा भोंगा वाजला. पाव घ्यायला तीच गेली, कारण कडक पाव कुठला आणि शिळा कुठला हे पुरुषांना कळत नाही, असं त्या घरातल्या पुरुषांचं ठाम मत होतं. परत आली तर खुर्चीत शेजारचे यशवंत.

"वहिनी, माझं काय, मिनिटाचं काम!"

मग तिच्या मुलाने आपली नवी स्कूटर अंगणात आणली. स्कूटरचे दोन फोटो निघाले, एक डावीकडून, एक उजवीकडून. स्कूटरला कुणी चहा करायला पाठवलं नाही.

ऊन माडांच्या वर चढलं. सगुणने कॅमेऱ्यात डोकावून सांगितलं, "रोल संपत आला. एकच फोटो राहिलाय."

"मग सगळ्यांचा एकत्र घेऊया," गोकुळदास म्हणाले. "तू पण ये गो मागे. नाहीतर तू पुढच्या खेपेला काढून घे. तुला काय घाई?"

घाई! कमलवहिनीलाही कधी घाई नव्हती. सत्यवतीने पावाची पिशवी मुलाच्या स्कूटरवर ठेवली आणि सरळ जाऊन खुर्चीत बसली.

"मेलेल्या बाईकडून पंगती वाढून घेताय तुम्ही. माझ्याकडून नाही घ्यायच्या. सगुण, काढ."

सगुण घुटमळला. "काकी, ऊन कडक झालं. डोळ्यांखाली काळं पडेल. खुर्ची भिंतीच्या सावलीत घेऊ. पण मग समोर उन्हात कुणीतरी पांढरं कापड धरायला हवं, म्हणजे त्याचा उजेड तोंडावर पडेल."

पांढरं कापड दोरीवर वाळत होतं. ते गोकुळदासांचं धोतर होतं. सत्यवतीने उठून ते ओढलं आणि त्यांच्याच हातात दिलं.

"मी?"

"मग काय यशवंतभाऊजींनी धरायचं? धोतर तुमचं." सगुणने सावलीत ओढलेल्या खुर्चीत ती परत जाऊन बसली.

सरकारी कचेरीतून हेडक्लार्क म्हणून निवृत्त झालेले गोकुळदास भर उन्हात, कोट घालून, दोन्ही हातांनी स्वतःचं धोतर पसरून उभे राहिले. रस्त्याने जाणाऱ्या दोघी बायका कुंपणाशी थांबल्या. यशवंतांना एकाएकी घरचं काम आठवलं.

"काका, आणखी वर. हां! काकी, जरा हसा."

"कशाला? आहे तो चेहरा काढ."

आतून दूध करपल्याचा वास आला.

"अगो, दूध..." धोतर खाली आलं.

"वर धरा," सत्यवती मान न वळवता म्हणाली. "माझ्यावर अंधार येतोय."

धोतर वर गेलं. सगुण कॅमेऱ्याची काच फिरवत राहिला. त्याला अजिबात घाई नव्हती, आणि आत जाऊन चूल विझवायची असते हे मुलाला कुणी कधी सांगितलं नव्हतं.