दुसरं कडवं

कॅसलबार गावच्या पाच पोरांनी सगळ्या आयर्लंडला वेड लावलं, तेही स्टुलांवर बसून. रडवणारं गाणं घ्यायचं, शेवटी पट्टी चढली की पाचांनी एकदम उठायचं, बस्स, एवढ्यावर त्यांचं दुकान चालायचं. फियाक्रा गिल्मार्टिन त्यातला सगळ्यात देखणा, आणि प्रत्येक गाण्यातलं दुसरं कडवं त्याचं. नाव झाल्यापासून गावातला आज पहिलाच कार्यक्रम होता. आपल्याला स्टेजवर कधीच न ऐकलेली आई आज ऐकणार, म्हणून स्वारी सकाळपासून हवेत होती.

दुसरं कडवं सुरू झालं आणि त्याच्या कानातलं यंत्र बंद पडलं. गाणाऱ्याला गोंगाटात स्वतःचा आवाज ऐकू यावा म्हणून ते असतं. त्याने ते उपटलं आणि गात राहिला. सभागृहात त्याचं कडवं घुमत होतं, पण आवाज कोलमचा होता.

कोलम, त्याचा शाळेपासूनचा जिवलग, शेजारच्या स्टुलावर तोंड मिटून बसला होता. फियाक्रा गायचा थांबला. कडवं थांबलं नाही. समोर पोरी त्याच्याकडे बघून रडत होत्या. पट्टी चढली तेव्हा बिचारा सवयीने उठलासुद्धा.

मध्यंतरात त्याने कोलमची कॉलर धरली. "कधीपासून?"

"पहिल्या रेकॉर्डपासून. मॅनेजरला तुझा चेहरा हवा होता. लोकांना माझ्या आवाजातली टेप लावतात, तुझा माइक फक्त तुझ्या कानात वाजतो."

फियाक्राला आठवलं. रेडिओवर आपला आवाज परका वाटतो, असं त्याने मॅनेजरला बोलून दाखवलं होतं. 'सगळ्यांनाच वाटतो रे,' तो हसून म्हणाला होता, आणि या येड्याने ते खरं मानलं होतं.

"आणि तू गात राहिलास? माझ्या जागी?"

"नाहीतर तुला घरी बसवत होता तो. तुझ्यासाठीच केलं."

"माझ्यासाठी? रोज पाठ थोपटायचास, 'आज काय गायलास राव' म्हणायचास! लाज नाही वाटली?"

 

फियाक्रा तडक आईकडे गेला. निदान ती तरी आपल्या बाजूने भांडेल, असं त्याला वाटलं. ती पाहुण्यांच्या खोलीत चहा पीत होती.

"आई, तो आवाज माझा नव्हता."

"माहीत आहे. कोलमचा तो चोंदलेल्या नाकाचा आवाज मी ओळखणार नाही? रेडिओवर पहिल्यांदा लागला तेव्हाच ओळखला."

"मग बोलली का नाहीस?"

"काय बोलू? फोनवर विचारायचास, 'ऐकलंस का मला?' मी आपली हो म्हणायचे. आईलाही खोटं बोलायला लावतोयस, याचा राग गिळून बसले." तिने कप खाली ठेवला. "आज मात्र आशेने आले होते. म्हटलं, आपल्या माणसांसमोर तरी स्वतः गाशील."

"मी गातच होतो गं," फियाक्रा म्हणाला.

आईने त्याच्याकडे नीट पाहिलं. तिचा विश्वास बसला नव्हता.