तासभर नायट्रोजन

प्रयोगशाळेत माझं काम एकच होतं. काचेच्या कुपीतल्या द्रवावर किरण पडला की तो क्षणभर उजळायचा आणि त्या उजेडाची रेघ पडद्यावर उमटायची. गॅमाची रेघ झटकन खाली बसायची. न्यूट्रॉनची शेपटी ओढत रेंगाळायची. मात्र द्रवात हवा राहिली, तर तिच्यातला ऑक्सिजन ती शेपटीच खाऊन टाकायचा आणि सगळेच गॅमा दिसायचे. म्हणून आधी तासभर द्रवातून नायट्रोजनचे बुडबुडे सोडायचे.

त्या दिवशी मी वीस मिनिटांत नळ बंद केला. आमचे हे दारात उभे होते. तिथेच फिटर होते. सिनेमाची तिकिटं काढून आले होते. "तुझे बुडबुडे काय पळून जाणारेत का?" म्हणाले.

पडद्यावर एकही शेपटी दिसली नाही. मी लिहून दिलं: फक्त गॅमा. त्यावर विसंबून ते किरण अडवायला शिशाची भिंत उभी राहिली, आणि तिच्याआड नऊ दिवस पाइप जोडायला नेमके हेच गेले.

दहाव्या दिवशी साहेबांनी विचारलं, "बाई, नायट्रोजन किती वेळ सोडला होतात?"

वीस मिनिटं, म्हटलं. का, ते सांगितलं नाही. पुन्हा मोजलं, तर शेपट्याच शेपट्या. न्यूट्रॉन शिशाला जुमानत नाहीत, त्यांना मेणाची नाहीतर पाण्याची भिंत लागते. साहेब बरंच बोलले. मला त्यांचे हलणारे ओठ तेवढे आठवतात. मी टेबल पुसलं. मग परत पुसलं.

घरी जेवताना यांना सांगितलं. यांनी तोंडातला घास संपवला. "म्हणजे आता दिव्याशिवाय पेपर वाचता येईल," म्हणाले. मला हसू आलं नाही, रडूही नाही. मी भाजी वाढली.

डॉक्टर म्हणाले, आत्ता रक्तात काही दिसत नाही, पुढचं सांगता येत नाही. ते पुढचं मी एकतीस वर्षं बघत राहिले. हे खोकले की हातातलं काम थांबायचं. शेवटी हे गेले ते हृदयाने. तेव्हाही मी टेबलच पुसत होते म्हणे.

सिनेमाचा विषय आम्ही कधी काढला नाही. पण घरी सांगितलं, त्यानंतर पहिल्यांदा मी नायट्रोजन सोडला, तेव्हा हे काम आटपून आले आणि दारात न थांबता स्टूल ओढून माझ्याजवळ बसले.

"किती झाली?"

"वीस मिनिटं."

"मग चाळीस राहिली," म्हणाले, आणि बुडबुड्यांकडे बघत बसून राहिले.