एकोणचाळीस हजार दोनशे तीन

माझ्या नातीचे पणजोबा फरशी बसवत, आजोबा बसवत, बाप आजही बसवतो. तिघांनाही एकाच आकड्याने हात टेकायला लावले होते.

पणजोबा म्हणजे माझे मामंजी. शेजारच्या भट्टीवाल्यांनी त्या काळी नखाएवढे निळे चौकोनी तुकडे भाजले. तो निळा रंग पुन्हा कधी साधला नाही. मामंजींनी त्यांना चारचौघांत शब्द दिला, की सगळे तुकडे एका आयतात बसवीन. एक तुटणार नाही, एक उरणार नाही. मोजणी झाली : एकोणचाळीस हजार दोनशे तीन. मामंजी भागाकार करत बसले. दोनाने जाईना, तिनाने जाईना. दीडशेपर्यंत पोचले आणि वैतागून म्हणाले, आकडा अविभाज्य आहे, याची एकच लांब रांग होईल. माझ्या यजमानांनी आणि मुलाने ते प्रमाण मानले. तुकडे भट्टीवाल्यांच्या पेट्यांत राहिले, शब्द आमच्या डोक्यावर.

यंदा भट्टीवाल्या बाईंनी निरोप धाडला, की भट्टी बंद होते आहे. सोमवारी तुकडे खडीत जातील. मी नातीला बोलावले. घरात तिला छिन्नी म्हणतात. एकदा लागली की आरपार. तिला बजावले, की हे देणे फेडल्यावाचून आपण तिथून उठायचे नाही.

तिने भागाकाराला हातच लावला नाही. आकडा एका चौरसाच्या अगदी जवळ आहे, एवढेच म्हणाली. भट्टीच्या दालनात वाळू अंथरून आम्ही सारे मांडत गेलो, एकेका रांगेत एकशे अठ्ठ्याण्णव. रविवारी शेवटची रांग आली आणि कोपऱ्यात एका तुकड्याची जागा रिकामी राहिली.

बाई दारातूनच म्हणाल्या, “तुमच्या मामंजींचा शब्द एवढ्याशा भोकातून गळाला म्हणायचा.”

मुलगा पुटपुटला, की तसाच एक तुकडा भाजून घालू.

“उसना तुकडा घालून फेडलेले देणे मी देणे मानत नाही,” मी म्हणाले.

छिन्नी त्या अपुऱ्या रांगेपाशी उकिडवी बसली होती. “आजी, हिच्यात तुकडे किती?”

“एकशे सत्त्याण्णव.”

“आणि वर पुऱ्या रांगा किती?”

मी मोजत गेले आणि शेवटच्या पुऱ्या रांगेशी थबकले. त्याही तितक्याच होत्या.

तिने ती आडवी रांग उचलली आणि बाजूला उभी लावली, प्रत्येक पुऱ्या रांगेच्या टोकाला एकेक तुकडा. एकशे सत्त्याण्णव रांगा, रांगेत एकशे नव्व्याण्णव. कोपरे चारही भरलेले.

बाईंनी खोचकपणे विचारले, की तुकडे दुसऱ्या एखाद्या आयतात बसले असते का. छिन्नी म्हणाली, हे दोन्ही आकडे पुढे फुटतच नाहीत. म्हणून एका रांगेखेरीज आयत हा एवढाच. पणजोबा थोडे आधी उठले, इतकेच.

बाईंनी पेट्या एकेक करून उपड्या झटकल्या. काही पडले नाही. मग खाली बसून त्यांनी कडेवरून बोट फिरवले.

“वहिनी,” त्या म्हणाल्या, “तुमच्या घराकडे आमचे आता काही येणे नाही.”