हात आधी

पाण्याने काठोकाठ भरलेली बाटली क्षिप्राने उजव्या हातात धरून खांद्याच्या रेषेत पुढे ताणली, डावा हात शॉर्ट्सच्या खिशात खुपसला आणि समोरच्या भिंतीवरच्या पंख्याच्या बटणावर नेम धरला. श्वास अर्धा सोडायचा, उरलेला तसाच राहू द्यायचा. बाटलीतलं पाणी हललं म्हणजे हात हलला. बाटलीला थाप मारता येत नाही.

"अगं, पंख्याने काय घोडं मारलंय तुझं?" आई स्वयंपाकघराच्या दारातून म्हणाली.

"आई, बोलू नकोस ना! होल्ड चाललाय माझा."

"माझे हात पिठात आहेत. बाबाचा फोन येईल आता, तो तरी घेशील ना? की तोही होल्डवर?"

क्षिप्राला हसू आलं, पाणी डचमळलं आणि नेम गेला.

बाटली अशासाठी, की पिस्तूल घरी आणायचं नसतं. शाळेच्या शूटिंग क्लबातलं ते पिस्तूल नुसत्या हवेवर चालणारं, कागदाला भोक पाडण्यापलीकडे त्याची मजल नाही, तरी सराव संपला की कोच गोह प्रत्येक पिस्तूल स्वतःच्या हाताने कुलपात टाकत. त्यामुळे शहराच्या पश्चिमेकडच्या बुकित बातोकमधल्या या नवव्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये सगळी नेमबाजी पाण्याच्या बाटलीवर चालायची. पण काय बिघडलं? त्या बाटलीच्या जोरावरच क्षिप्रा यंदा शाळेच्या टीममध्ये आली होती. गेल्या वर्षापर्यंत हजेरीला ओ देतानासुद्धा जिचा आवाज घशात अडकायचा, ती आता बसस्टॉपच्या या टोकावरून त्या टोकाला इथल्या पोरांसारखं "कॅन लाह!", म्हणजे जमेल की, म्हणून ओरडायची आणि वर स्वतःच खूश व्हायची.

आणि दुसरी गोष्ट त्याहून मोठी होती. बाबा तिला सल्ला विचारत होता.

बाबा, म्हणजे विवेक, ह्यूस्टनला गेला तेव्हा प्रोजेक्ट वर्षभराचं होतं. मग ते लांबलं, मग आणखी लांबलं. आई चांगी बिझनेस पार्कातल्या बँकेत रोज शहराच्या इस्टकडे जायची नि वेस्टकडे परत यायची, आणि दर रविवारी सकाळी, तिकडच्या शनिवारी संध्याकाळी, बाबाचा व्हिडिओ कॉल यायचा. आई आणि तो फ्लॅटचं भाडं, इथे राहायच्या पासचं रिन्युअल, आजीचा गुडघा एवढं बोलून घ्यायचे. मग फोन क्षिप्राकडे. जेवलीस? अभ्यास? आई दमवत नाही ना तुला? की तूच तिला? बोलण्यासारखं काही सापडेपर्यंत कॉल संपलेला असायचा. त्यानंतर उरलेला रविवार फार लांबलचक. वर्गातल्या हुई मिनच्या घरचे सगळे मिळून उबीन बेटावर सायकली चालवायला जायचे, त्यांचे फोटो यायचे, आणि क्षिप्रा खालच्या मजल्यावरच्या लोकांच्या वाळत घातलेल्या कपड्यांकडे बघत बसायची.

एका रविवारी मात्र बाबा अचानक म्हणाला होता, "क्षिप्रा, तू पिस्तूलवाली ना? मग मला सांग, नऊ एमएम बरं की थ्री-एटी?"

त्याच्या कॉम्प्लेक्सच्या पार्किंगमध्ये कुणाच्या तरी गाडीची काच फोडली होती, एका बाईंची पर्स हिसकावली होती. ऑफिसात सगळे म्हणत होते, एक जवळ असू दे. लहानसं, कपड्याखाली न दिसणारं. दुकानदाराने काउंटरवर चार मांडली आणि विचारलं, कॅलिबर कोणतं? बाबाला काही सांगता येईना.

क्षिप्राने खरी गोळी आयुष्यात पाहिली नव्हती. तिचा छर्रा साडेचार मिलिमीटरचा, छोट्या डमरूसारखा, बोटावर ठेवला तर फुंकरीने उडेल. नऊ म्हणजे त्याच्या बरोबर दुप्पट! पण म्हणून काय झालं? आठवडाभर तिने वाचलं, व्हिडिओ पाहिले, कोचना अवघडलेल्या चेहऱ्याने चार प्रश्न विचारले, आणि पुढच्या रविवारी बाबाला असं काही समजावलं की तो चहाचा कप हातात धरून ऐकतच राहिला.

"हे बघ, दोघांच्या गोळीची रुंदी जवळजवळ सारखीच. थ्री-एटीचं काडतूस आखूड, दारू कमी. म्हणजे तोंड तेच, पोट लहान. त्यामुळे धक्का कमी. नऊचा मार जास्त. पण पिस्तूल जेवढं लहान आणि हलकं, तेवढी त्याची उसळी हातालाच बसणार. समजलं?"

"समजलं, मॅडम. मग घेऊ कुठलं?"

"थांब रे. असं लगेच नसतं."

लगेच नसतंच, हे खरं होतं. आणि हेही खरं होतं, की ठरलं की विषय संपला. म्हणून ती दर रविवारी नवीन काहीतरी काढायची. खिशात ठेवणार की बॅगेत? छोट्या बॅगेत, बाबा म्हणाला. सराव करणार का? फार नाही जमणार. पंचेचाळीसचा विचार केलास का? नको गं, फार दणका नको. बाबा आता आईशी बोलायच्या आधीच विचारायचा, "आमच्या कोच कुठे आहेत?" रविवार सकाळची वाट बघण्यात शनिवार कधी संपायचा ते कळायचंच नाही.

आई या सगळ्यात पडायची नाही. एकदाच, पहिल्या रविवारी, कणीक मळता मळता ती म्हणाली होती, "इथे तर खेळण्यातलं आणलं तरी विमानतळावर अडवतील." क्षिप्राने उत्साहात तिकडे लक्षच दिलं नव्हतं.

गेल्या रविवारी तिने हुकमाचं पान काढलं होतं. कोच गोह नव्या मुलांना पहिल्या दिवशी पिस्तूल देत नाहीत, कागद आणि पेन्सिल देतात. हात कागदावर ठेवायचा, बोटं जरा फाकवायची, भोवतीने रेघ काढायची. त्या रेघेवरून ते मूठ निवडतात. 'हँड फर्स्ट, गन लेटर,' हे त्यांचं ब्रीदवाक्य.

"तर बाबा, आता तू तुझा हात काढून पाठव. आणि शेजारी बँकेचं कार्ड ठेवून फोटो काढ, म्हणजे मला मापाला बरं पडेल."

"हात? अगं, कशाला एवढं—"

"हात आधी!"

"बरं बाई."

आता फोन वाजला. क्षिप्राने बाटली टेबलावर आदळली, टॅबलेट लोणच्याच्या बरणीला टेकवून उभा केला आणि स्वतः खुर्चीवर मांडी घालून बसली. बाबाच्या मागच्या खिडकीत ऊन कलत होतं. त्याने नवीन शर्ट घातला होता, फिकट पोपटी. बाबा आणि पोपटी!

"पाठवलाय बघ फोटो. आत्ताच," तो म्हणाला.

"थांब हं, लॅबमध्ये तपासणी सुरू."

तिने फोटो उघडला, तसा बाबा कोपऱ्यातल्या छोट्या चौकोनात गेला. पिवळ्या रेघांच्या कागदावर पेन्सिलीने काढलेला हात, शेजारी निळं कार्ड. तिने आपलं बसचं कार्ड स्क्रीनवर धरलं आणि फोटो दोन बोटांनी ताणत ताणत नेला, दोन्ही कार्डं एका मापाची होईपर्यंत. मग कार्ड बाजूला ठेवून आपला पंजा त्या हातावर टेकवला.

बोटांना बोटं लागली. करंगळी तर तिच्याच करंगळीपेक्षा जरा आखूड.

बाबाचा हात तिला पाठ होता. लहानपणी जिन्यात दिवे गेले होते तेव्हा तिची अख्खी मूठ त्या हातात हरवून गेली होती. पंजाला पंजा लावायचा खेळ ते खेळायचे, तेव्हा तिची बोटं त्याच्या मधल्या पेरापर्यंतच पोचायची आणि तो वरची पेरं दुमडून तिला टपली मारायचा. आणि पेन्सिल तर हाताच्या बाहेरून फिरते. म्हणजे खरा हात चित्राहून लहानच असणार.

"बाबा, अरे हा तर माझा हात आहे!" ती खदखदून हसली. आणि हसता हसताच एक वेडा, लख्ख विचार तिच्या डोक्यात शिरला. एवढे रविवार. एवढे प्रश्न. माझ्याच मापाचा कुणाचा तरी हात शोधून... "ए, सरप्राइज आहे का? ते माझ्यासाठीच आहे? मी येणार आहे तिकडे? आम्ही येणार आहोत?"

बाबा हसला नाही.

"तू... नाही गं राजा. तुझी शाळा आहे. ओ-लेव्हलची परीक्षा आहे पुढे."

"मग?"

त्याने स्क्रीनच्या बाहेर, डावीकडे पाहिलं. भिंतीकडे बघताना माणूस असं बघत नाही. मग खाली पाहिलं, आणि स्वतःचा मोठा हात कपाभोवती गुंडाळला.

स्वयंपाकघरातला नळ चालू होता. तो बंद झाला.

क्षिप्राचा पंजा अजून त्या पंजावर होता. तिने तो उचलला, तेव्हा काचेवर तिच्या घामाची बोटं उमटली होती. ती हळूहळू विरली आणि खाली दुसरी बोटं राहिली. छोटी बॅग. फार दणका नको. पोपटी शर्ट. सगळं एकामागून एक येऊन ओळीत उभं राहिलं, सरावाला मुलं राहतात तसं. आणि सगळ्यात शेवटी आईचं ते वाक्य. विमानतळावर अडवतील. खरंच की. जे इथे आणताच येत नाही, ते इथे परत यायच्या बेतात असलेला माणूस कशाला घेईल?

"क्षिप्रा? आहेस ना?"

"आहे."

"मी तुला नीट सांगणारच होतो. दिवाळीच्या सुमारास..."

तिच्या जिभेवर एक शब्द येऊन बसला होता. पंचेचाळीस. नुसतं म्हणायचं, पंचेचाळीस घे बाबा, तेच बेस्ट. त्याने ऐकलंही असतं, गेले कित्येक रविवार तो तिचं सगळं ऐकत होता. मग त्या बारीक मनगटाला पहिल्याच गोळीला असा हिसका बसला असता, की... ती त्या पेन्सिलीच्या रेघेकडे बघत राहिली. अंगठ्यापाशी रेघ थोडी डगमगली होती. हात ठेवणारीला गुदगुल्या झाल्या असतील. किंवा रेघ काढणाऱ्याने मुद्दाम केल्या असतील.

कोच गोह म्हणतात, दुसऱ्याच्या हातात काही द्यायचं तर बरोबर तेच द्यायचं. हात आवडतो की नाही, हा प्रश्न नसतो.

"थ्री-एटी," क्षिप्रा म्हणाली.

"काय?"

"थ्री-एटी घे. आणि अगदी हलकं नको, थोडं वजन असू दे, म्हणजे उसळणार नाही. घेण्याआधी दुकानातच वरचा भाग मागे ओढून बघायला सांग. जमलं तरच घ्यायचं."

"बरं."

"ट्रिगर ओढायचा नसतो, दाबायचा. हळू."

"हो."

"आणि दोन्ही हातांनी धरायला सांग तिला. एकाच हाताने धरायचा नियम आमच्या खेळात असतो. बाकी कुणाला नसतो."

बाबाने तोंड उघडलं, पण त्याच्या आवाजाऐवजी तिकडच्या घरातला कसलासा आवाज आला, कपाट लावल्यासारखा. क्षिप्राने "चल, सराव राहिलाय माझा," म्हणून कॉल बंद केला. तिने स्वतः कॉल बंद करण्याची ही पहिलीच वेळ होती.

टॅबलेटच्या काळ्या काचेत पंखा फिरत होता. खाली कुणीतरी तळमजल्याच्या मोकळ्या व्हॉइड डेकमधून सायकलची घंटी वाजवत गेलं. क्षिप्रा उठली, बाटली घेतली, हात ताणला, डावा हात खिशात. बटण दिसेना. सगळं आधीच धूसर झालं होतं.

आई बाहेर आली. हातात थालीपिठाची ताटली होती, ती तिने टेबलावर ठेवली. कुणासाठी वाढलीय ते काही म्हणाली नाही.

"ठरलं?"

"थ्री-एटी."

आईने ओढणीसारखा खांद्यावर टाकलेला पंचा काढून हात पुसले. एकेक बोट वेगळं.

"हं," ती म्हणाली. "हात लहान आहेत तिचे."

बाटलीतलं पाणी केवढं तरी हललं. क्षिप्राने मान वळवली नाही. नेम धरलेला असताना मान वळवायची नसते. आईही तिच्याकडे बघत नव्हती. तीही पंख्याच्या बटणाकडेच बघत होती, जणू एवढ्या वर्षांत ते पहिल्यांदाच दिसलं होतं. मग ती आत गेली. फ्रिज उघडल्याचा आवाज आला, बंद झाल्याचा आला. परत आली तेव्हा तिच्या हातात दुसरी बाटली होती, गार, बाहेरून पाणी सुटलेली. ती क्षिप्राच्या शेजारी, तिच्यासारखीच भिंतीशी काटकोन करून उभी राहिली आणि हात पुढे ताणला.

"असंच ना?"

"कोपर सरळ."

"हं."

"डावा हात खिशात घाल."

"गाऊनला खिसा नाही गं."

क्षिप्राने नाक वर ओढलं.

"मग कमरेवर ठेव," ती म्हणाली. "तेवढं चालतं."