गप्प केलेली पेटी

“अक्का, क्लोरीनचा डोस कोणी वाढवला?”

केमिस्टने दारातूनच विचारलं. हातात पाण्याच्या नमुन्याची बाटली, कपाळावर घाम. अक्का खुर्चीतून उठली नाही. तिची नजर पडद्यावर खिळली होती.

“दोनचा साडेतीन झालाय. मी वाढवला नाही, तुम्ही नाही. मग कोणी?”

“साहेबांनी,” अक्का म्हणाली. “त्यांच्या घरच्या लॅपटॉपवरून. इथे दिसतंय.”

“काहीतरीच काय! साहेब तर खाली पाहुण्यांना पंप दाखवतायत.”

“तेच तर म्हणतेय मी!”

अक्काच्या मागच्या कपाटात एक चपटी लोखंडी पेटी होती. या पाणी शुद्धीकरण केंद्रातले संगणक, पंप, डोस सोडणारी यंत्रं एकमेकांशी जे काही बोलत, त्याची नक्कल पेटीकडे येई. मध्येच कोणी अनोळखी बोलू लागलं की पेटी बोंब ठोकायची. नुसती बोंबच ठोकायची हां, अडवायची नाही. अडवणं माणसाचं काम, आणि तेही साहेबांच्या परवानगीने. अक्काने फक्त खबर द्यायची. नऊ वर्षं ती डोळ्यांत तेल घालून तेवढंच करत आली होती.

एकदाच चुकली बिचारी. गेल्या वर्षी पेटी ओरडली, साहेब फोन उचलेनात, म्हणून अक्काने संगणक आणि पंप जोडणारी मुख्य केबल उपटली. केबल निघाली की सगळे पंप आपोआप थांबतात. आणि निघालं काय, तर पंपवाल्या कंपनीचा इंजिनिअर लांबून दुरुस्ती करत होता आणि कळवायला विसरला होता. अर्धा दिवस शहर कोरडं पडलं. अक्काला लेखी समज मिळाली, पुन्हा परवानगीशिवाय केबलला हात लावलात तर नोकरीवर पाणी सोडा. वर कँटीनमध्ये ‘दुष्काळ अक्का’ असं बारसं झालं ते वेगळंच. तेव्हापासून ती ताकही फुंकून पीत होती.

आज मात्र पेटीने चूंसुद्धा केलं नव्हतं. करणार कशी? साहेब घरून काम करायला लागले की ती कोकलायची आणि नियमाप्रमाणे अक्का त्यांना फोन लावायची. एका रविवारी दुपारच्या झोपेतून उठून साहेब डाफरले होते, “अहो, मलाच चोर समजते का तुमची पेटी? गप्प करा तिला!” अक्काने केलं. साहेबांचा लॅपटॉप विश्वासातल्या यादीत घातला. तोंडी हुकूम, कागद कसला नि काय. आता त्या लॅपटॉपवरून कोणीही आलं तरी पेटी ढिम्म. आजही अक्का सवयीने कोण कुठून बोलतंय याच्या नोंदी चाळत बसली होती म्हणून तिला दिसलं.

“पाच झाला!” केमिस्ट दुसऱ्या पडद्यावर वाकला. “मी खाली आणतोय आणि हा परत वर चढतोय. कोण आहे हा मेला?”

“हाताने झडपा बंद नाही करता येणार?”

“तिन्ही बंद करेपर्यंत वीस मिनिटं जातील. हे पाणी दहा मिनिटांत शहराच्या पाइपात शिरेल. अक्का, लहान लेकरं पितात हो हे पाणी. असाच चढत राहिला तर घसे भाजतील त्यांचे.”

अक्का धावत जिना उतरली. साहेब आठ-दहा पाहुण्यांच्या घोळक्यात उभे होते. ती जवळ जाऊन हळूच म्हणाली, “साहेब, तुमचा लॅपटॉप…”

“नंतर, अक्का.”

“डोस वाढतोय, साहेब. दोनच मिनिटं वर चला.”

“पुन्हा सुरू झालं का तुमचं?” साहेब पाहुण्यांकडे वळून हसले. “आमच्या अक्कांना जिकडेतिकडे चोर दिसतात.”

पाहुणेही हसले. अक्काची कानशिलं तापली. साहेबांच्या हातात लॅपटॉप नव्हता, फोनसुद्धा खिशातच होता. आणखी काय पुरावा पाहिजे? ती उलट पावली जिना चढली.

अक्का घाबरली होती, खोटं कशाला सांगा? नवरा गेल्यापासून सासूबाईंसकट घर तिच्या एकटीवर होतं. निवृत्तीला चार वर्षं उरली होती. हा पुन्हा कोणी विसराळू इंजिनिअर निघाला तर? वर पोचली तेव्हा आकडा आठवर होता.

“केमिस्टभाऊ, तुम्ही बाहेर जा. तुम्ही काही पाहिलं नाही.”

“मी कुठेही जात नाही. ओढा तुम्ही.”

अक्काने केबल धरली आणि उपटली. पायाखालची घरघर एकेक करत थांबली. एवढी शांतता तिने त्या इमारतीत याआधी एकदाच ऐकली होती. केमिस्ट झडपांकडे पळाला.

साहेब दोन-दोन पायऱ्या चढत आले. “कोणी ओढली?”

“मी.”

“पुन्हा? पाहुण्यांसमोर अब्रू घालवलीत माझी! डोकं ठिकाणावर आहे का?”

“तुमचा लॅपटॉप कुठंय, साहेब?”

“घरी. टेबलावर.”

“घरी फोन लावा. आत्ता.”

तिचा आवाज ऐकून साहेबांनी मुकाट्याने फोन लावला. पलीकडून त्यांची बायको म्हणाली, “हो, चालूच आहे. अहो, पण पडद्यावरचा बाण आपला आपणच फिरतोय. तुम्हीच करताय ना तिकडून?”

साहेब खुर्चीवर बसले. “कोणीतरी बाहेरून शिरलंय त्यात,” ते पुटपुटले.

दुपारभर टाक्या रिकाम्या करणं चाललं. त्या पाण्याचा एक थेंबही शहरात गेला नव्हता. चार वाजता साहेबांनी अक्काला केबिनमध्ये बोलावून दार लावून घेतलं.

“चौकशीवाले विचारतील, पेटी का ओरडली नाही. लिहून द्या, पेटी बिघडली होती.”

“पेटी बिघडली नव्हती, साहेब.”

“अक्का, जरा समजून घ्या.”

अक्काने कागद ओढला आणि उभ्यानेच दोन ओळी लिहिल्या. पेटी मी गप्प केली होती. साहेबांनी तोंडी सांगितल्यावरून केली होती.

“दोन्ही खरं आहे,” ती म्हणाली. “पहिली ओळ माझी, ती राहू दे. दुसरी नको असेल तर तुमच्या हाताने खोडा.”

साहेबांनी पेनाचं टोपण काढलं. मग खाली मान घालून दुसरी ओळ खोडली. अक्काने उरलेल्या ओळीखाली सही केली.

“चौकशी होईपर्यंत घरी बसावं लागेल तुम्हाला,” साहेब कागदाकडे बघत म्हणाले.

“बसते.”

जिन्यात केमिस्ट उभा होता. त्याला काहीतरी बोलायचं होतं. अक्काने हातानेच राहू दे म्हटलं आणि ती जिना उतरली.

घरी पोचली तेव्हा स्वयंपाकघरातला नळ नुकताच सुरू झाला होता. सासूबाई बादली लावून तणतणत होत्या.

“दिवसभर टिपूस नाही! काय झोपा काढता का गं तुम्ही सगळे त्या ऑफिसात? पगार मात्र वेळेवर पाहिजे!”

“हो ना, आई.”

सासूबाईंनी नळाखाली पेला धरला, भरला आणि तिथेच उभ्याने घटाघटा प्यायल्या. पदराने तोंड पुसेपर्यंत अक्का त्यांच्याकडे बघत राहिली.

“अशी काय बघतेस माझ्याकडे?”

“काही नाही,” अक्का म्हणाली. “आणखी हवंय का?”